कौसाआत्याचा डावा पाय

आत्या,

पांढऱ्या कपड्यातून तुझा डावा पाय बाहेर राहिला होता. मी तो झाकला. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा बाहेर. बायांच्या ये-जा करण्यानं कपडा सरकला असेल असं समजून मी पुन्हा झाकला, आणि या वेळी कडा नीट खाली दाबल्या. तुझा चेहरा शांत होता. पाय मात्र कुणीतरी बोलावल्यासारखा सारखा दाराकडं येत होता.

तुझ्या जाण्यानंतरचा जलदान विधी काल झाला. बुद्धवंदना झाली, मग लोक बोलायला उभे राहिले. जो तो तुझ्या पायाबद्दलच बोलला. कुणाचा बाप त्या पायानं उभा राहिला, कुणाची आई पुन्हा भाकरी थापायला बसली. तुझ्याबद्दल फार कमी बोलणं झालं. मलाही बोलायला सांगितलं होतं, पण मी उठून परत खाली बसले. म्हणून हे लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. माझी वही तू हातात घ्यायचीस, कागदाचा वास घ्यायचीस आणि म्हणायचीस, "चांगलं लिव्हलंय." तसंच यालाही म्हण.

शहरातल्या माझ्या मैत्रिणींना पायाळू म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मी त्यांना सांगते, जे मूल डोक्याऐवजी पायाकडून जन्माला येतं ते पायाळू. त्याचा पाय उसण भरलेल्या कमरेला लागला की उसण निघून जाते, अशी आमच्याकडची समजूत आहे. त्या हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते. पण आत कुठंतरी मला पाचोडचं आपलं दार दिसत असतं.

बाजाराच्या दिवशी त्या दारात माणसं वाकून यायची. उसण भरलेला माणूस लांबून ओळखू येतो. एक हात कमरेवर, मान खाली, पाऊल टाकायच्या आधी जमिनीची परवानगी घेतल्यासारखा. तू मोसंबीच्या मार्केटात फळं निवडायला गेलेली असलीस तर ती माणसं ओट्याला टेकून वाट बघायची. तू आलीस की हातपाय धुवायचीस, उंबऱ्याबाहेर पोतं अंथरायचीस, आणि माणूस त्यावर पालथा झोपायचा. तू चौकट धरून उभी राहायचीस आणि डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर ठेवायचीस. कुणी बोलायचं नाही. तू टाच दाबायचीस, किंचित फिरवायचीस, काढून घ्यायचीस. मग तो माणूस उठायचा आणि मागं वळून न बघता सरळ फाटकाबाहेर निघून जायचा. मागं बघितलं तर उसण परत येते असं सगळे मानायचे. त्यामुळं तुझे आभार मानायचीही कुणाची सोय नव्हती.

याचा परिणाम असा झाला की तुला सगळं गाव पाठीवरून ओळखायचं. बाजारात कुणी "कौसाबाई, वळखलं का" म्हणून समोर उभा राहिला की तू गोंधळायचीस. मग म्हणायचीस, "जरा फिरा बरं." तो हसत हसत फिरायचा. "हां, तुमी व्हय. कमरंच्या खाली मस हाय तुमच्या." भर बाजारात. शेजारी उभी असलेली त्याची बायको तुझ्याकडं ज्या नजरेनं बघायची ती मला अजून आठवते.

ज्या घरांत आपल्याला चहा वेगळ्या कपातून मिळायचा त्या घरांतली माणसंही यायची. ती समोरून यायची नाहीत, मागच्या बोळातून यायची. आजोबांना हे काहीच मान्य नव्हतं. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी घरातून देव, अंगारे, उतारे सगळं बाहेर काढलं होतं, आणि इकडं लोक त्यांच्या पोटच्या पोरीच्या पायाला देव करून बसले होते. ते चिडायचे. पण बंद कर असं तुला कधी म्हणाले नाहीत. ओट्यावर बसून ते त्या माणसांना आपल्या उंबऱ्यात पालथं पडताना बघत राहायचे. एकदा अण्णांनी, तुझ्या भावानं, त्यांना विचारलं की तुम्हाला हे चालतं कसं. आजोबा म्हणाले, "चालत नाय. पन बगायला बरं वाटतं."

आणि आभाळ गडगडायला लागलं की हीच माणसं तुझ्यापासून लांब पळायची. पायाळूवर वीज पडते ना. शेजारच्या बाया आपली पोरं तुझ्याजवळून ओढून न्यायच्या. तुला घरात, दाराआड, लोखंडाच्या वस्तूंपासून दूर बसवलेलं असायचं. मी तुझ्या मांडीवर येऊन बसायचे. तू मला ढकलायचीस, "तिकडं जा, आईपाशी जा." मी परत यायचे. तू पुन्हा ढकलायचीस. मला तो खेळ वाटायचा.

बारावीनंतर मला शहरात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला तेव्हा हे शिक्षण नेमकं कशाचं, हे घरात कुणाला कळेना. अण्णा लोकांना "डॉक्टरकीसारखंच काहीतरी" असं सांगायचे. तू एकटीनं मला नीट विचारलंस.

"म्हंजी उसण काढायचं का?"

मी मान हलवली.

"हातानं का पायानं?"

"हातानं."

तू माझे हात उलटसुलट करून बघितलेस. मग म्हणालीस, "मंग जा."

कॉलेजात सोडायलाही तूच आलीस. तिथल्या खोलीत माणसाचा सांगाडा टांगलेला होता, त्याच्यापुढून सगळे पालक घाईघाईनं जात होते. तू थांबलीस. त्याच्या मागं गेलीस, मणक्यांकडं बघितलंस, आणि तिथल्या शिपायाला विचारलंस, "कुनाचा हाय?" तो म्हणाला, असाच आहे, शिकवण्यासाठी. "नाव नाय व्हय त्याला?" त्याला नाव माहीत नव्हतं. तू पदर डोक्यावरून घेतलास, जशी मयताच्या घरात घेतात तशी, आणि मगच बाहेर आलीस. मला तेव्हा लाज वाटली होती. त्यानंतर शिकण्याच्या सगळ्या वर्षांत त्या सांगाड्याला हात लावायच्या आधी मी क्षणभर थांबायचे. ही सवय कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती तू लावलीस.

पुढं नाझनीन आणि मी शहरातच, गारखेडा भागात, मिळून क्लिनिक सुरू केलं. ती माझ्याच वर्गातली, रोशन गेटकडं राहणारी. दिवसभर आम्ही पाठी, माना, गुडघे बघतो. आखडलेले सांधे मोकळे करतो, स्नायू दाबून सैल करतो, व्यायाम शिकवतो. आणि मग एक दिवस अण्णांना तुला घेऊन एसटीनं यावं लागलं, कारण तुझा डावा पाय उचलेना झाला होता. खुब्यापासून टाचेपर्यंत कळ. एक्स-रे काढला, एमआरआय काढला. वयाच्या मानानं सगळं ठीक होतं. एवढी कळ यावी असं त्या फोटोंमध्ये काहीच नव्हतं.

तुला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं तेव्हा तू टेबलाकडं बघत उभी राहिलीस. आयुष्यभर तू उभी आणि बाकीचे पालथे. "मी उतानीच झोपते," म्हणालीस. "मला तुजं तोंड दिसू दे."

मी पाय हातात घेतला आणि तू दचकलीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या पायाला हजारो पाठी लागल्या असतील, पण कुणाचा हात क्वचितच लागला असेल. मी पोटरीच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला. तू छताकडं बघत म्हणालीस, "ही सरूबाई."

मला कळलं नाही. मी मांडीच्या मागं दाबलं. "ह्यो कापडवाला. बाजारात बसायचा." खुब्याच्या खोबणीजवळ आले तेव्हा तू थोडा विचार केलास. "ह्यो कोन ते ध्यानात नाय. पाठीवर भाजल्याचा डाग व्हता."

तू माझी गंमत करते आहेस असं मला वाटलं. पुढच्या खेपेला मी मुद्दाम क्रम बदलला, आधी खुबा, मग पोटरी, मग मांडी. नावं त्यांच्या त्यांच्या जागीच होती. सरूबाई तर मी शाळेत असतानाच वारली होती. मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, "ती गेली. तिचं हितंच ऱ्हायलं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून संपलेलं नाही. मी तुला समजावून सांगायचे की उसण म्हणजे स्नायू आखडणं. माणूस चुकीचा वाकला की कमरेचे स्नायू घाबरून घट्ट होतात. वरून दाब मिळाला, श्वास सुटला, मनातली भीती गेली की ते सैल पडतात. बऱ्याचदा काही केलं नाही तरी काही दिवसांत आपोआप सुटतात. दुखणं म्हणजे काही वस्तू नाही, एकाच्या कमरेतून निघून दुसऱ्याच्या पायात जायला. तू सगळं मन लावून ऐकायचीस. मग विचारायचीस, "मंग गेलं कुठं?"

"कुठंच गेलं नाही. संपलं."

"संपत नसतं काई. मोसंबी सडली तरी तिचं पानी कुठंतरी जिरतंच की."

आणि दर वेळी शेवट एकच व्हायचा. पाय माझ्या हातात हळूहळू जड होत जायचा, तुझ्या चेहऱ्यावरचा ताण उतरायला लागायचा, आणि आता सुटणार असं वाटताच तू पाय ओढून घ्यायचीस. "बास. बाकीचं ऱ्हावू दे." मी चिडायचे. एवढी कळ सोसतेस आणि बरी व्हायची वेळ आली की उठतेस, हा काय हट्ट, असं म्हणायचे. तू ऐकायची नाहीस. मी हात धुवायला बेसिनकडं जायचे तेव्हा तू टेबलावर बसून माझ्या चालण्याकडं बघत असायचीस, इतकी टक लावून की मला हसू यायचं.

"नीट चालतीस ना?"

"मला काय झालंय?"

"काई नाय. धू हात."

शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात तुला मऊ तळव्याची चप्पल घेतली तो दिवस आठवतो. तू एकेका चपलेत पाय घालून दुकानात दोन चकरा मारायचीस आणि तो वैतागून म्हणायचा, "मौसी, चप्पल ले रही की दुकान?" तू खूश होतीस. रिक्षात बसल्यावर नवी चप्पल मांडीवर घेऊन तू म्हणालीस, "सुजे, मी मेल्यावर लोक येतील."

"येतीलच. अख्खं पाचोड येईल."

"तसं नाय. पाय लावून घ्यायला येतील. लावू द्यायचा नाय."

मी हसले. मेलेल्या माणसाचा पाय कोण लावून घेईल, म्हटलं. तू हसली नाहीस. "मला म्हाईत हायेत ती लोकं. येतील. त्यांच्या कमरंतून निघंल, आन मी नसंल. मंग ते कुठं शिरंल?"

रिक्षावाल्यानं आरशातून आपल्याकडं बघितलं. विषय संपावा म्हणून मी हो म्हटलं. तू माझा हात धरून पुन्हा म्हणवून घेतलंस.

तू झोपेतच गेलीस. सकाळी अण्णांनी चहासाठी हाक मारली आणि तू उठली नाहीस. मी पोहोचले, बायांबरोबर तुला अंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं. मधल्या खोलीत तुला ठेवलं होतं, पाय दाराकडं. पुण्याहून नातेवाईक यायचे होते, त्यांच्यासाठी सगळे थांबले होते.

तेवढ्यात म्हाळूतात्या आले, मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर. गावाबाहेरच्या पडीक रानात त्यांच्या मेंढ्यांचा वाडा मुक्कामाला बसला होता. आजारी मेंढा उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती, आणि दोन मुलांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आणलं होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते तुझ्यासाठीच आले होते. दारातल्या चपलांचा ढीग बघून ते थबकले.

"कोन गेलं?"

"कौसाबाई," कुणीतरी म्हणालं.

तात्यांनी डोळे मिटले. खांद्यावरची काळी घोंगडी सावरली. मग एखादी लाजिरवाणी गोष्ट मागावी तसे हळूच म्हणाले, "लई टाइम नसंल ना झाला? अजून लागू व्हत असंल."

मग शेजारची गयाबाई म्हणाली, लावू द्या की, जाता जाता तेवढंच पुण्य. दोन-तीन बायांनी माना डोलावल्या. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "मेली ना ती, गयाबाई. आता तरी तिचा पाय सोडा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, नाही, तिनं मला सांगून ठेवलंय. तात्यांचा मोठा मुलगा हात जोडून म्हणाला की म्हातारं सकाळपासून कुत्र्यावानी इव्हळतंय, ताई. मला तुझ्यावर राग आला, आत्या. मला तू ज्याच्यात अडकवून गेलीस त्याचा राग आला. एका बाजूला माझा शब्द आणि दुसऱ्या बाजूला कळवळणारा माणूस.

मग मला आठवलं की मला हात आहेत. मी तात्यांना विचारलं, पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास आहे का, पायातली ताकद गेल्यासारखी वाटते का. तसं काही नव्हतं. "पालथे झोपा," मी म्हटलं. "मी बघते."

"तुमी पायाळू हाय का?"

"नाही. मी शिकलेली आहे."

त्या घरातही कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. तात्यांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. कळ मोठी होती म्हणून ते झोपले. कुणीतरी सवयीनं उंबऱ्याबाहेर पोतं अंथरलं होतं, तेच, त्याच जागी. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. माझ्यासमोर अंगण, माझ्या पाठीमागं दार, आणि दाराच्या आत तू.

मी रोज करते तसंच केलं. आधी नुसता तळहात ठेवला. त्यांना श्वास सोडायला सांगितला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना हळूहळू दाब देत खाली आले. आखडलेली पाठ कशी सुटते ते माझ्या हातांना पाठ आहे. आधी वरचा थर नरम पडतो, मग आतला, दोरीची गाठ सैल व्हावी तशी. इथं तसं झालं नाही. एका क्षणी तात्यांची कंबर एकदम खाली गेली, वरून कुणी अंगाचं वजन टाकावं तशी, आणि माझा हात तिच्याबरोबर खाली ओढला गेला. मी दाब वाढवला नव्हता.

तात्या उठले. सरळ उभे राहिले. मागं न बघता फाटकापर्यंत चालत गेले, आणि तिथं, पाठमोरेच, म्हणाले, "टाच लागली. लई गार व्हती."

मी फक्त हात लावले होते. सगळ्या अंगणानं ते बघितलं होतं. तात्यांचा मोठा मुलगा वडिलांच्या मागं जायचं विसरून तिथंच उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या मागं बघत होता.

मी आत आले. तुझा पाय पुन्हा बाहेर होता. तो झाकताना मला दिसलं की तुझ्या टाचेला काळ्या लोकरीचा एक धागा चिकटला आहे.

मी सुशिक्षित आहे, आत्या. माझ्याकडं याचं उत्तर आहे. तुला अंघोळ घालून माझे हात गार पडले होते, म्हणून तात्यांना गार लागलं. त्यांनी टाचेचीच वाट बघितली होती, म्हणून त्यांना टाच जाणवली. घोंगडीचा धागा वाऱ्यानं कुठंही जातो. हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. तो धागा मी काढला, मुठीत ठेवला आणि कपड्याची कड तुझ्या टाचेखाली खोचली. त्यानंतर पाय बाहेर आला नाही.

तुझा निरोप घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या पायऱ्या उतरताना माझ्या डाव्या पायात चमक आली. खुब्यापासून टाचेपर्यंत. मी स्वतःला तपासलं. पाय सरळ उचलून बघितला, ताकद बघितली, संवेदना बघितली. काहीच सापडलं नाही. याचंही उत्तर आहे माझ्याकडं. फरशीवर वेडीवाकडी बसले होते, नीट झोप नव्हती, दुःख अंगात साठतं. पण पोटरीच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला आणि माझ्या तोंडून एखादं नाव येईल की काय या भीतीनं मी हात काढून घेतला.

नाझनीननं माझी चाल बघितली. "कैसी चल री तू? मेरी खाला जैसी. लेट जा, देखती मैं." मी टाळलं. पेशंट आहे म्हटलं, मग फोन आला म्हटलं. शेवटी तिनं दार लावलं, मला टेबलाकडं ढकललं आणि माझा पाय हातात घेतला. मी तो ओढून घेतला.

न ठरवता. माझ्या आत कुणीतरी आधीच ठरवलेलं असल्यासारखं.

आणि तेव्हा मला कळलं, आत्या. तू पाय का ओढून घ्यायचीस, हात धुवायला जाताना माझ्या चालण्याकडं का बघायचीस. तुझ्या हिशेबानं बरं होण्याचा एकच रस्ता होता, आणि तो माझ्यातून जात होता. म्हणून तू दर वेळी थोडी कळ कमी करून घेतलीस, पेलवेल एवढीच मला दिलीस, आणि बाकीची घेऊन एसटीत बसून परत गेलीस. मी त्याला हट्ट म्हणत होते. तू मात्र मला आईपाशी ढकलत होतीस.

मी टेबलावर बसून रडले. नाझनीन स्टूल ओढून समोर बसली. मी तिला सगळं सांगितलं, सरूबाई, कापडवाला, तात्या, धागा. लपवून ठेवून तिला हात लावू द्यायचा हे मला जमलं नसतं. ती आधी हसली. मग हसायची थांबली आणि माझ्या पायाकडं बघत बसली. तिचंही शिक्षण माझ्याएवढंच झालंय, पण तिनं मला स्नायू आणि मेंदू समजावून सांगितले नाहीत.

"आता है तो आने दे," ती म्हणाली. "मेरे में आया तो तू निकाल. तेरे में आया तो मैं निकालूँगी. कितना घूमेगा बेचारा."

मी आडवी झाले. पाय जड व्हायला लागला तेव्हा तो ओढून घ्यावासा वाटला, खूप वाटला. तिनं घोटा धरून ठेवला. "हिलो नक्को." मी डोळे मिटले. काहीतरी पायातून उतरत गेलं, घाईनं नाही, घरी जाणारं माणूस उतरतं तसं, पोटरीतून घोट्यात, घोट्यातून टाचेत, आणि मग जाणवेनासं झालं. नाझनीन उठून हात धुवायला गेली. माझ्या नजरेचा अर्थ तिला कळला आणि ती बेसिनपर्यंत मुद्दाम लंगडत गेली, मग वळून हसली. मला हसता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही विचारलं. शेवटी ती वैतागून म्हणाली की आता विचारशील तर खरंच लंगडेन.

ती ठीक आहे. मीही ठीक आहे. आणि आता तू विचारशील, मंग गेलं कुठं. याच्याआधी मी लगेच उत्तर दिलं असतं. आज मला माहीत नाही. काल जलदानाला म्हाळूतात्या आले होते, ताठ चालत. तेही बाकीच्यांसारखे तुझ्या पायाबद्दल बोलले. मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

तुझ्याशी एकच तक्रार राहिली आहे. नाझनीनला मी सांगितलं, तसं तू मला एकदा सांगायला हवं होतंस. मला काय वाटेल हे तू परस्पर ठरवून टाकलंस. तू सांगितलं असतंस तर मी हसले असते, वाद घातला असता, पुस्तक काढून दाखवलं असतं. आणि मग तुझा पाय हातात घेतला असता, तुझी सगळी माणसं, ती सरूबाई, तो कापडवाला, तो भाजल्याच्या डागाचा, सगळी खरी आहेत असं मानून, आणि म्हटलं असतं, येऊ दे.

तुझी,
सुजाता